कडबाकुट्टीत गेलेला हात

बदनापूरहून थोडं आत गेलं की सर्जेरावचं गाव लागतं. गावात शिरताना पहिल्यांदा काकासाहेब भेटतात. खुद्द नव्हेत हो, फ्लेक्सवरचे. पांढरेशुभ्र कपडे, एका हातात कानाला लावलेला मोबाइल आणि दुसरा हात जनतेकडं. काकासाहेबांची जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडी सळयांची मिल आहे. पण मिल हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा, खरा जीव फ्लेक्समध्ये. कुणाचं बारसं असो, कुणाची पोरगी बारावी पास होवो, काकासाहेब चौकात हसत उभे. कुणी वारलं तरी उभे, फक्त तेवढ्यापुरतं हसू जरा बारीक.

सर्जेराव त्या मिलमधला जुना माणूस. रोलातून लालभडक सळई बाहेर सुटली, की लांब सांडशीनं तिचं तोंड धरायचं, गर्रकन वळायचं आणि पुढच्या रोलात ते घुसवायचं, हे त्याचं काम. रोलाच्या पलीकडं महेमूद. सळई इकडं आली की सर्जेराव धरणार, तिकडं गेली की महेमूद. दोघांचं असं जमलेलं, की तोंडानं बोलायची गरजच पडायची नाही. तसंही त्या धडधडाटात बोललेलं कुणाच्या बापाला ऐकू येतंय!

मिलच्या फाटकावर ‘सुरक्षा प्रथम’ असं माणसाएवढ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. हातमोजेही होते. नव्हते असं कोण म्हणेल? ऑफिसातल्या कपाटात कुलूप लावून ठेवलेले होते, हरवू नयेत म्हणून. तपासणीला साहेब यायचे झाले की सगळ्यांना वाटायचे, आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की परत गोळा करायचे. त्यामुळं इतक्या वर्षांत एकही मोजा खराब झाला नाही. माणसांचं मात्र तसं सांगता यायचं नाही.

काकासाहेब सर्जेरावला ‘घरचा माणूस’ म्हणायचे. याचा सर्जेरावला फार अभिमान. घरचा माणूस म्हटल्यावर हजेरीचं कार्ड नाही, पगाराची चिठ्ठी नाही, विमा नाही. असली कागदं परक्याला लागतात, घरच्याला कशाला? पगार भुजंगच्या हातून मिळायचा. भुजंग म्हणजे मिलला माणसं पुरवणारा ठेकेदार. काकासाहेबांच्या घरी लग्न निघालं की पंगतीत वाढायला घरचा माणूस, मांडवाचे बांबू उतरवायला घरचा माणूस. जेवायला तेवढा शेवटच्या पंगतीला, कारण आधी पाहुणे आणि मग घरचे. रीतच आहे ती, त्यात काकासाहेबांचा काय दोष!

रोलाच्या तोंडाशी सळईला वाट दाखवणारी एक लोखंडी पन्हाळ असते. ती कित्येक दिवसांपासून तडकलेली होती. सर्जेरावनं भुजंगला सांगितलं, महेमूदनं सांगितलं. भुजंग म्हणाला, दिवाळीनंतर बघू. कोणत्या दिवाळीनंतर, हे काही तो बोलला नाही. मग एका दुपारी पन्हाळीतून सळई उसळली आणि सर्जेरावच्या उजव्या मनगटाला विळखा घालून बसली. महेमूद ओरडत स्विचकडं धावला. मिल थांबली, तेव्हा कुठं सगळ्यांना सर्जेरावची किंकाळी ऐकू आली.

जीपमध्ये हाताला टॉवेल गुंडाळून सर्जेराव आडवा पडला होता. डोकं भुजंगच्या मांडीवर. भुजंगनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला. इतका मायेनं तो कधी कुणाशी वागला नव्हता.

“सर्जेराव, डॉक्टरनं इचारलं तर सांग, घरी कडबा कापताना कडबाकुट्टीत हात गेल्ता. मिलचं नाव निघालं की पोलीस येतेत. मिल बंद पडंल. तुझ्या एकट्यापायी सगळ्यांच्या पोटावर पाय. आन् काकासाहेब तुला सोडतेत का? तू घरचा माणूस.”

असल्या वेळी माणूस काय विचार करणार! सर्जेरावच्या डोळ्यांसमोर अंधारी येत होती आणि त्या अंधारातसुद्धा त्याला काकासाहेबांची भीड वाटली. दवाखान्यात डॉक्टरांनी टॉवेल सोडला, आणि त्यानं सांगितलं, “कडबाकुट्टी.”

डॉक्टर भाजलेल्या कातड्याकडं बघत राहिले. “कडबा काय पेटलेला होता का?”

“मोटार लई गरम झाल्ती, साहेब,” भुजंग म्हणाला.

बाहेर पेशंटची रांग लागली होती. डॉक्टरांनी एकदा भुजंगकडं पाहिलं, एकदा घड्याळाकडं, आणि लिहून टाकलं. हात मनगटापासून काढावा लागला.

सर्जेरावची बायको दैवशाला दवाखान्यात आली. आधी पोटभर रडली, मग डोळे पुसून तिनं एकच प्रश्न विचारला. “आपल्या घरी कडबाकुट्टी कुठंय वो? एक शेळी हाय, ती बी लिंबाचा पाला खाती.”

सर्जेरावनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

काकासाहेब भेटायला आले. बरोबर सफरचंदं होती आणि फोटो काढणारा होता. दवाखान्याचं बिल त्यांनी भरलं, हे खोटं कशाला म्हणा. “आयुष्यभर बघतो तुझं,” असं चार माणसांदेखत म्हणाले. सर्जेरावला भरून आलं. जखम भरल्यावर तो मिलवर गेला आणि फाटकावर वॉचमनचं काम मिळंल का म्हणून त्यानं भुजंगला विचारलं. भुजंग चुकचुकला. “साहेबलोकांच्या गाड्या येतेत. सलाम ठोकायला उजवा हात लागतो ना, सर्जेराव.”

आयुष्यभर बघतो म्हणाले होते, ते लांबूनच बघणार होते, हे सर्जेरावला हळूहळू कळायला लागलं.

इकडं गावात कडबाकुट्टीची गोष्ट चांगलीच रुजली होती. खोटं एकदा सांगितलं की त्याला दाणापाणी करावं लागतं. लोक भेटायला यायचे, चहा प्यायचे आणि जाता जाता विचारायचे, “ती मशीन कुठंय म्हणायची?” दैवशाला आज सांगायची दुरुस्तीला दिली, उद्या सांगायची भावाकडं नेली. कुणी म्हणायचं, बेसावध असंल. कुणी म्हणायचं, घेतलेली असंल थोडी. आणि बाया पोरांना दटावायच्या, “मशीनपाशी जाऊ नको रे, सर्जेरावसारखा हात जाईल.” ज्या माणसानं अठरा वर्षं लालभडक सळया धरल्या, कधी एक सळई हातची सुटू दिली नाही, तो गावात बावळटपणाचं उदाहरण होऊन बसला. हात गेल्याचं दुःख एक होतंच. पण हे त्याला आतून कुरतडायला लागलं. हात कामावर गेला, हे कुणीतरी मोठ्यानं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि ते म्हणायचं तोंड त्यानं स्वतःच बांधून घेतलेलं.

मशीनची विचारपूस भुजंगच्या कानावर गेली. त्यानं काकासाहेबांना सुचवलं, की याच्या घरी एक कडबाकुट्टी ठेवून द्यावी. गुपचूप. म्हणजे गोष्ट पक्की. सल्ला हुशारीचा होता. पण काकासाहेबांनी जन्मात कधी कुणाला गुपचूप काही दिलं होतं? “देतो ते लोकांना कळायला नको का, भुजंग?” ते म्हणाले. त्यांचा वाढदिवस जवळ आला होता.

वाढदिवसाला गावच्या चौकात मांडव पडला. शाल, नारळ, हार आणि गुलाबी रिबीन बांधलेली नवीकोरी कडबाकुट्टी. सर्जेरावला स्टेजवर उभं केलं. नारळ दिला तो डाव्या हातात, शाल घसरायला लागली ती धरायला दुसरा हात नव्हता. फोटोवाला ओरडला, “इकडं बघा! हसा जरा!” सर्जेराव हसला. भीड मोठी वाईट.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. मंडळाच्या पोरांनी मजकूर जीव ओतून लिहिला होता. ‘आमच्या मिलचे अठरा वर्षांपासूनचे निष्ठावंत कामगार, एक हात गमावूनही न डगमगलेले श्री. सर्जेराव यांना काकासाहेबांच्या शुभहस्ते वाढदिवसानिमित्त कडबाकुट्टी यंत्र भेट!’ वर तारीख, मध्ये फोटो. शुभहस्त दोन, सर्जेरावचा एक.

भुजंगनं फ्लेक्स पाहिला. त्यानं आधी खालच्या रांगेत आपला फोटो शोधला. डावीकडून पहिलाच होता, म्हणून तो खूश होऊन घरी गेला. काकासाहेबांनी आपला चेहरा गोरा आलाय का तेवढं बघितलं. गावानं काहीच बघितलं नाही. फ्लेक्स काय वाचायसाठी असतो? नवा असतो तोवर सावलीला उभं राहायचं, जुना झाला की उतरवून घरावर नाहीतर गोठ्यावर टाकायचा. हा उतरल्यावर दैवशालानं आणला आणि पावसापासून जपायला कडबाकुट्टीवरच टाकला. काकासाहेबांचं तोंड वरच्या बाजूला आलं, त्यावर शेळी चढून बसायला लागली.

एका रविवारी महेमूद त्याच्या पुतणीला घेऊन आला. अंबरीन तिचं नाव, जालन्यात वकिली करते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“चाचा, ठेकेदाराकडून पगार मिळाला म्हणून काय झालं? काम मिलचं होतं. भरपाईचा हक्क आहे तुमचा. मेहरबानी नाही, हक्क.”

सर्जेराव डाव्या हातानं चटईच्या काड्या उपसत बसला. “काकासाहेबांच्या इरोधात कसं जावं बेटा? मीठ खाल्लंय त्यांचं.”

“खाल्लंय ना,” आतून दैवशाला कडाडली, “शेवटच्या पंगतीत! तवर भाजी बी संपल्याली असायची!”

“ती बात न्हाई,” सर्जेराव खाली बघत म्हणाला. “मीच डॉक्टरपाशी खोटं बोललो. आता कोण इश्वास ठेवंल माझ्यावर?”

अंबरीन म्हणाली, “ते कोर्टात तुम्हालाच सांगावं लागेल, चाचा. ते मी नाही सांगू शकत.”

सळईची कधी भीती वाटली नव्हती एवढी सर्जेरावला या वाक्याची वाटली. पण तेवढ्यात शेजारची बाई तिच्या पोराला ओढत दारावरून गेली, आणि जाता जाता मशीनकडं बोट करून म्हणाली, “दिसली का? हिनंच खाल्ला बघ सर्जेरावचा हात.” सर्जेराव चटईवरून उठला. “टाक बेटा केस,” तो म्हणाला.

केस पडली. काकासाहेबांकडून जबाब आला तो वाचण्यासारखा होता. सदर इसम आमच्याकडं कधीही कामाला नव्हता. आम्ही त्यास ओळखत नाही. त्याचा हात त्याच्या राहत्या घरी, त्याच्याच कडबाकुट्टीत गेला आहे. सदर यंत्र आजही त्याच्या अंगणात असून पुराव्यादाखल फोटो जोडला आहे. घरचा माणूस एका रात्रीत सदर इसम झाला.

महेमूदनं साक्ष दिली, सगळं डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याला मिलच्या फाटकावरूनच परत फिरवलं. तोही घरचाच माणूस होता, म्हणून घरी पाठवला. पण तो सर्जेरावचा यार, असं म्हणून समोरच्या वकिलानं त्याची साक्ष उडवून लावायला घेतली. डॉक्टरांच्या कागदावर तर कडबाकुट्टी स्वच्छ लिहिलेली. मशीन नंतर भेट मिळाली, हे सांगायला गावातलं कुणी कोर्टात यायला तयार नव्हतं. अंबरीनच्या कपाळावर आठी पडली.

त्या दिवशी ती जबाबाला जोडलेला फोटो न्याहाळत सर्जेरावच्या अंगणात उभी होती. भुजंगनंच तो चोरून काढला होता. फोटोत कडबाकुट्टी, तिच्यावर झाकण आणि झाकणावर शेळी.

“चाचा, ये शेळीच्या खाली काय आहे?”

“काय न्हाई. फ्लेक्स हाय जुना.”

“कुणाचा?”

“कुणाचा म्हंजी? काकासाहेबाचाच. गावात दुसऱ्या कुणाचा असतो का?”

अंबरीननं शेळी हुसकली. महेमूदनं आणि दैवशालानं दोन टोकं धरून फ्लेक्स अंगणात पसरला. अंबरीन वाचत गेली, आणि वाचता वाचता मटकन ओट्यावर बसली. “या अल्लाह,” ती म्हणाली, “सहा महिने झाले मी पुरावा शोधून राह्यले, आन् तुम्ही त्याच्यावर शेळी बांधून राह्यले!”

कोर्टात आधी सर्जेराव उभा राहिला. समोर काकासाहेब बसले होते, आणि सवयीनं त्याची मान थोडी वाकलीच. समोरच्या वकिलानं विचारलं, डॉक्टरांना कडबाकुट्टी कुणी सांगितलं?

“म्या सांगितलं.” सर्जेराव म्हणाला. “खोटं सांगितलं, साहेब. मिल बंद पडंल म्हणले, सगळ्यांच्या पोटावर पाय येईल म्हणले. मला भीड पडली. माझा हात मिलमधी गेला. सळई धरता धरता गेला. दारू पिऊन न्हाई, झोपेत न्हाई. कामावर गेला.” भर कोर्टात तो हुंदके देऊन रडला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं.

मग काकासाहेब. इस्त्रीचे कपडे, धीरगंभीर चेहरा. “मी या गृहस्थांना ओळखत नाही. समाजकारणात हजारो लोक भेटतात.”

अंबरीननं परवानगी घेतली आणि महेमूद बाहेरून गुंडाळी घेऊन आला. फ्लेक्स केवढा आणि कोर्टाची खोली केवढी! एक टोक महेमूदनं धरलं, दुसरं नाइलाजानं कोर्टाच्या शिपायानं. उलगडताना कडब्याचं भुसकट आणि शेळीच्या चार लेंड्या स्वच्छ फरशीवर पडल्या, शिपाई नाकाला रुमाल लावायला गेला तर त्याचं टोक सुटलं, आणि काकासाहेबांचा चेहरा मधोमध मुडपला. तो नीट ताणून धरल्यावर न्यायाधीशांनी मान तिरकी करून सगळा मजकूर वाचला. तारीख पुन्हा एकदा वाचली.

“हे आपणच ना?”

काकासाहेबांना स्वतःच्या फ्लेक्सला नाही म्हणणं आयुष्यात कधी जमलं नव्हतं. “होय,” ते म्हणाले.

“हे यंत्र तुम्ही यांना भेट दिलं, तेव्हा यांचा हात होता का?”

“नव्हता.”

“मग जे यंत्र हात गेल्यावर घरी आलं, त्यात हात गेला कसा?”

काकासाहेबांनी वकिलाकडं पाहिलं. वकिलानं भुजंगकडं पाहिलं. भुजंग डोळे बारीक करून फ्लेक्सच्या खालच्या रांगेत बघत होता. डावीकडचा पहिला फोटो शेळीनं खाल्लेला होता.

निकाल सर्जेरावच्या बाजूनं लागला. न्यायाधीशांनी वाचून दाखवलं, की अपघात कामावर असताना आणि कामामुळं झाला. भरपाई किती, हे सर्जेरावला त्या क्षणी ऐकूच आलं नाही. तो महेमूदला एकच विचारत राहिला, “कामावर असताना म्हणले ना? बराबर ऐकलं ना म्या?” महेमूद म्हणाला, “बिलकुल बराबर.” काकासाहेबांनी पैसे कोर्टात भरले. भरणं भागच होतं. गावात आता बाया पोरांना दटावायला दुसरं कुणाचं तरी नाव शोधायला लागल्या.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण काकासाहेबांना ती संपू द्यायची नव्हती.

पंधरवड्यानं सर्जेराव आणि दैवशाला बदनापूरहून बाजार करून येत होते. चौकात नवा फ्लेक्स लागला होता, आधीपेक्षा मोठा. ‘कामगाराच्या पाठीशी खंबीर उभे राहून भरपाई मिळवून देणारे, कामगारांचे कैवारी काकासाहेब यांचे जाहीर आभार! आभारी : श्री. सर्जेराव.’ बाजूला सर्जेरावचा फोटो. काकासाहेबांकडं बघून नमस्कार करणारा. दोन्ही हात जोडून.

“अगं बया,” दैवशाला म्हणाली, “ह्यांना तर हात फुटला!”

पिशवी खाली ठेवून सर्जेराव जवळ गेला. फ्लेक्स बनवणाऱ्यानं डाव्या हाताला उजवा हात अगदी बेमालूम जोडला होता. नमस्कार एका हातानं कसा दाखवायचा, म्हणून त्या बिचाऱ्यानं सोय केली असणार. उजवा हात जरा गोरा होता. बोटं जाड होती, आणि एका बोटात तांबड्या खड्याची अंगठी होती. ती अंगठी सर्जेरावनं ओळखली. त्याच बोटांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली होती. फ्लेक्सवाल्याकडं हात जोडलेले फोटो काकासाहेबांचेच पडलेले असणार, त्यातला एक हात त्यानं उचलला.

दैवशाला तोंडाला पदर लावून हसत होती. सर्जेरावही हसला. मग त्याचं हसू थांबलं आणि तो नुसताच त्या हाताकडं बघत राहिला. बघता बघता त्याचे डोळे भरले.

“आता काय झालं?” दैवशालानं विचारलं. “पैसं मिळालं, नाव मिळालं. लावू द्या त्याला फ्लेक्स, पावसाळ्यात आपल्याच मशीनवर येईल.”

“तसं न्हाई,” तो म्हणाला. “माझा हात कसा दिसत होता, ते आठवून राह्यलो. अंगठ्यापाशी एक भाजल्याचा डाग होता, तेवढा आठवतो. बाकीचा हात आठवतच न्हाई.”

दैवशालाचं हसणं विरलं. रस्त्यावरची पिशवी तिनं उचलली, त्याच्या डाव्या हाताला धरलं आणि दोघं घराकडं चालायला लागले. चालता चालता ती हळू आवाजात त्याला सांगत गेली, की करंगळी जरा वाकडी होती, तळहातावर घट्टे होते आणि नखं कायम काळी असायची, कितीही घासली तरी.